एक तोंडात, एक डोळ्यांत, एक पिशवीत

"एक तोंडात, एक डोळ्यांत, एक पिशवीत."

अक्का वाचनालयात आल्या की टेबलावर तीन पुस्तकं शेजारी शेजारी मांडायच्या आणि एकेकावर बोट टेकवत हे म्हणायच्या. बोट तंबाखूनं तपकिरी झालेलं. मी म्हणायची, "अक्का, मंत्र म्हणून झाला असेल तर कार्डं काढा." त्या म्हणायच्या, "काढते की बाई. घाई कुटं हाय? पुस्तकं काय पळून चाललीत?"

हे तीन प्रकार आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तोंडातलं पुस्तक म्हणजे अक्कांचं वाचून झालेलं, पण सांगून व्हायचं राहिलेलं. डोळ्यांतलं म्हणजे सध्या वाचायला घेतलेलं. आणि पिशवीतलं म्हणजे पुढचं. ते उघडायचंसुद्धा नाही, नुसतं घरात असायला हवं. "पुडचं घरात असलं की हातातलं नीट वाचवतं. नसलं की जीव निम्मा तिकडंच," असं त्यांचं म्हणणं. मला हे कधी पटलं नाही. माझ्या मते पुढचं पुस्तक कपाटात असावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी नेता येतं. पण अक्कांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि पुस्तक पिशवीत टाकायच्या.

आमचं वाचनालय सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. गिरणी चालू झाली की कपाटांच्या काचा थरथरतात आणि नव्या सभासदाला वाटतं भूकंप झाला. मी इथं टेबलामागे इतकी वर्षं बसले आहे की जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय ते सांगेन. लोकांना वाटतं, आम्हाला पुस्तकांवरून माणसं कळतात. काही कळत नाही हो. जाड चरित्रं नेणारा माणूस पहिल्या चार पानांवर झोपतो आणि "मुलीसाठी नेतेय" म्हणणारी बाई प्रेमकथा स्वतःच वाचते. अक्कांचंही मला पहिली काही वर्षं काहीच कळलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्या विड्या वळतात, घरी तेलुगू बोलतात, महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्यात. यंत्रमागावर काम करणारा नवरा वारला होता, मुलगा भिवंडीला असायचा. आधी त्या आमच्या मागच्याच बोळात राहायच्या. मग कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं, तिकडे गेल्या. तिकडून शेअर रिक्षानं दाटीवाटीत बसून पुस्तक बदलायला यायच्या आणि जिना चढून आल्या की आधी पाणी मागायच्या.

भांडण झालं ते तंबाखूवरून.

अक्कांनी परत केलेलं पुस्तक झटकलं की पानांतून तंबाखूचा भुगा पडायचा. आमचे एक सभासद आहेत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले काका. वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून ठेवणारे. नेमकी तीच पुस्तकं त्यांच्या वाट्याला यायची. एकदा ते वाचनकक्षातून शिंकत शिंकत टेबलापर्यंत आले. "बाई, हे वाचनालय आहे की पानपट्टी?" मी म्हटलं बघते. आणि मी तशी नियमाची बाई. पुस्तकाचा कान दुमडलेला दिसला तरी माझा जीव वरखाली होतो. पुढच्या सुट्टीला मी कुंभारीची रिक्षा धरली. मनात सगळी वाक्यं तयार होती. कार्ड रद्द होईल, इथपर्यंत.

अक्कांच्या दारापुढं पत्र्याचं छप्पर होतं. त्याखाली शेजारपाजारच्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली पानं, धाग्याचं रीळ आणि कात्री. हात इतके भराभर चालत होते की बघणाऱ्याला गरगरावं. आणि मधोमध पाटावर अक्का, पुस्तक गुडघ्यावर. मराठी ओळी मनात वाचायच्या, मग मान वर करून तेलुगूत सांगायच्या. मला तेलुगू चहापाण्यापुरतं येतं, पण त्या काय सांगत होत्या ते मला चांगलंच कळलं, कारण ती कादंबरी मीच त्यांना दिली होती. दोन ओळी सांगून अक्का थांबल्या की सगळ्या एका सुरात विचारायच्या, "तर्वात?" म्हणजे, पुढं?

अक्कांच्या समोर त्यांचंही सूप होतं. त्यात त्या हात घालत नव्हत्या. दर थोड्या वेळानं कुणीतरी आपल्या वळलेल्या विड्यांतल्या मूठभर त्यात टाकायची. शेजारची लक्ष्मी, नुकती लग्न होऊन आलेली, मला हळूच म्हणाली, "जी वाचती तिचा माल बाकीच्यांनी वळायचा. आमच्यात असंच हाय."

कार्ड रद्द करायचं वाक्य मी गाळलं. तरी मी सोडलं नाही. वाचन थांबल्यावर अक्कांना बाजूला घेऊन म्हटलं, "अक्का, पुस्तकात तंबाखू पडते. लोक शिंकतात."

"शिंकू द्या की," अक्का म्हणाल्या. "जागं राहून वाचतील."

मग पुस्तकाखाली धुतलेलं फडकं घ्यायचं त्यांनी कबूल केलं आणि मला चहा पाजला. त्या दिवसानंतर मी अधूनमधून तिकडे जाऊ लागले. तपासणीला जाते, असं मी स्वतःला सांगायची.

त्या छपराखालची समीक्षा मी दुसरीकडे कुठेही ऐकलेली नाही. नायक दोन पानं आभाळाकडे बघत उभा राहिला, तर एक म्हातारी म्हणायची, "ह्याला काम न्हाय का?" कुणी बाई नवऱ्याला सोडून निघाली की पहिला प्रश्न, "पोरांना जेवायला घालून निघाली का तशीच?" लेखकानं ते लिहिलेलं नसलं तर अक्कांची पंचाईत. वर्णनं मात्र त्यांना आवडायची. नदीचं वर्णन सुरू झालं की सगळ्या गप्प. सोलापुरात पाणी नळाला येतं तेसुद्धा कधीमधी, त्यामुळे असेल.

पण सगळ्यांत मोठा रिवाज शेवटाचा. शेवटचं प्रकरण आलं की अक्का हात वर करायच्या आणि सगळ्या कात्र्या सुपात खाली ठेवल्या जायच्या. शेवट ऐकताना कुणी विडी वळायची नाही. पदराला हात पुसून सगळ्या सावरून बसायच्या. अक्का शेवट सांगायच्या, मग सगळं छप्पर थोडा वेळ गप्प असायचं. कुणी डोळे पुसायची, कुणी लेखकाच्या नावानं बोटं मोडायची. आणि मग अक्काच म्हणायच्या, "चला, कात्र्या उचला. माल कोण देणार, लेखकाचा बाप?" आणि खिळ्याला टांगलेल्या पिशवीतून पुढचं पुस्तक निघायचं.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एके दिवशी विडी कारखान्याच्या शाखेत, जिथं बायका वळलेला माल नेऊन देतात, तिथला माल तपासणारा माणूस बदलला.

नवा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. अक्कासुद्धा त्याला कधी वाईट म्हणाल्या नाहीत. पण त्याची नजर कडक होती. विडीचं टोक दुमडायची प्रत्येकीची आपली एक तऱ्हा असते, जशी भाकरी थापायची असते. त्यानं अक्कांचा जुडगा हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "अक्का, हा एका हाताचा माल नाही. ह्यात चार-पाच बायका आहेत." कामगाराचं कार्ड अक्कांचं आणि काम दुसऱ्यांचं, हे चालायचं नाही. त्यानं सगळा माल छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढला आणि सांगितलं, उद्यापासून शाखेत येऊन माझ्यासमोर वळायच्या. हात दिसला तर कार्ड राहील, नाहीतर मला वर कळवावं लागेल.

विडी कामगाराचं कार्ड म्हणजे काय हे आपल्यासारख्यांना लवकर कळत नाही. म्हातारपणचं पेन्शन त्यावर, दवाखाना त्यावर. आयुष्यभराच्या कामाचा पुरावा म्हणजे ते कार्ड. अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि खरी गोम वेगळीच होती. इतकी वर्षं वाचून वाचून अक्कांच्या हाताची सवय मोडली होती. विडी वळता येत होती, पण त्या वेगानं नाही. धागा बांधताना बोटं अडखळायची.

त्या आठवड्यात त्या वाचनालयात आल्या त्या एकच पुस्तक घेऊन. ते टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "अक्का, थोडे दिवस वाचन बंद ठेवा. आधी कार्ड वाचवा."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"बंद ठेवायचं काय बाई? आज बंद ठेवलं तर त्या बायका उद्या मोबाइल लावून बसतील. मग कोण ऐकतंय?"

मोबाइलचा प्रयोग त्यानंतर झालाही. लक्ष्मीनं फोनवर कुठलीशी गोष्ट लावली. गोड आवाजात कुणी बाई वाचत होती. बायकांनी एक दिवस ऐकली आणि दुसऱ्या दिवशी बंद करायला लावली. अक्कांनी मला कारण सांगितलं, "ती बाई थांबतच न्हाय. हितं म्हातारीला हुंदका आला तरी ती आपली पुडंच. आन् 'तर्वात' विचारायची सोयच न्हाय, ती विचारायच्या आधीच सांगती. असली कसली गोष्ट?"

अक्का शाखेत जाऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त माल छाट. दुसऱ्या दिवशीही तेच. लक्ष्मी सांगायची, अक्का पहाटे उठून सराव करतात. पानं संपली की जुन्या पानांवर, तीही संपली की वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर. तंबाखूऐवजी भुसा घालून. बोटांना धाग्यानं चिरा पडल्या तेव्हा हळद लावून पुन्हा बसल्या. बायका रडकुंडीला आल्या. कुणीतरी म्हणालं, आपण सगळ्या अक्कांसारखं टोक दुमडायला शिकू, म्हणजे ओळखू येणार नाही. त्यावर अक्का म्हणे खूप चिडल्या. "माजं कार्ड, माजा हात. चोरी करून गोष्ट ऐकायची न्हाय."

आणि त्या सरावातच त्यांना ते सुचलं. मला सांगायला खास रिक्षा करून आल्या. पाणीसुद्धा न पिता बोलायला लागल्या.

"बाई, मी वेडी की काय? अवो, विडीला हात लागतात, डोळे न्हाय लागत. माजे हात तर अंधारात बी वळतील. वाचायला डोळे लागतात. आन् गोष्टीला लागतं तोंड. हात येगळे, डोळे येगळे, तोंड येगळं. मग भांडण कशाचं? सकाळी डोळ्यांनी वाचून घ्यायचं, दुपारी तोंडानं सांगायचं. हात मोकळेच हायेत की विडीला!"

ऐकायला सोपं आहे हो. तुम्ही एखादं प्रकरण सकाळी वाचून दुपारी सगळंच्या सगळं सांगून बघा, तेसुद्धा दुसऱ्या भाषेत आणि हातानं विड्या वळत. पाणी यायच्या दिवशी घागरी भरता भरता अक्का वाचायच्या, इतर दिवशी चुलीपाशी. सुरुवातीला नावं विसरायच्या, मधलं प्रकरणच गाळायच्या. बायका रागवायच्या. तरी हात थांबला नाही. शाखेतल्या माणसानं एक दिवस त्यांचा जुडगा फिरवून बघितला आणि नुसतं म्हणाला, "जमला हात." दुसऱ्या दिवसापासून घरी वळायची परवानगी मिळाली. त्या आनंदात अक्कांनी मला गूळ-खोबरं आणून दिलं आणि लगेच वाचनालयाचं तिसरं कार्ड मागितलं.

"तिसरं कशाला?"

"हे वाचून झालं, पर सांगून व्हायचं हाय. परत कसं देऊ? मदीच काय विसरले तर बघायला पायजे की."

नियमाप्रमाणे एका सभासदाला एक कार्ड. दुसरं त्यांनी भिवंडीच्या मुलाच्या नावावर आधीच काढलं होतं, आणि तो मुलगा काय वाचत असेल ते मला ठाऊक होतं. तिसरं लक्ष्मीच्या नावावर काढलं. लक्ष्मी सही करायला आली तेव्हा लाजून म्हणाली, "मला कुटं येतंय वाचायला? चौथीत सोडली शाळा." अक्का म्हणाल्या, "सही कर. वाचायचं नंतर बघू." तेव्हापासून तो मंत्र सुरू झाला. एक तोंडात, एक डोळ्यांत, एक पिशवीत.

आता पाहुण्याची गोष्ट सांगते.

तोंडातलं पुस्तक होतं खानावळ चालवणाऱ्या एका विधवा बाईचं. रेल्वे जंक्शनचं गाव, आणि तिचा भाऊ खानावळीवर हक्क सांगायला आलेला. डोळ्यांतलं पुस्तक अगदीच वेगळं, त्यात जमीन मोजणारा एक सरकारी मोजणीदार गावोगाव फिरत असतो. एका सोमवारी अक्का टेबलापाशी आल्या त्या चोरासारख्या. आजूबाजूला बघून म्हणाल्या, "बाई, घोळ झाला. त्या पुस्तकातला मोजणीदार ह्या पुस्तकात आला."

"म्हणजे?"

"सांगता सांगता माज्या तोंडातून गेलं, 'तेवढ्यात मोजणीदार आला.' म्हातारी लगेच म्हणाली, हा कोण? हा काल नव्हता. आता काय सांगू? म्हटलं, पाहुणा हाय. खानावळीत जेवायला आलाय."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मग जेवला आणि गेला म्हणून सांगा."

"तसंच सांगणार हुते. पर जेवून झाल्यावर त्यानं आपलं ताट आपण उचललं, धुतलं आन् पालथं घालून ठेवलं. ते बायकांना इतकं आवडलं की आता त्याला जाऊ देईनात!"

तुम्हीच विचार करा. जन्मभर दुसऱ्याची ताटं उचललेल्या त्या बायका. त्यांच्या गोष्टीत एक पुरुष येतो आणि स्वतःचं ताट धुतो. त्या त्याला सोडतील होय? मी म्हटलं, "अक्का, लेखकानं लिहिलेलं नाही ते सांगणं बरं नव्हे. काढून टाका त्याला."

"आसा कसा काडू? बिचारा च्या पीत बसलाय," असं म्हणत अक्कांनी पुस्तकं पिशवीत टाकली आणि निघाल्या.

मोजणीदार राहिला. रोज जेवायला येऊ लागला. फारसा बोलायचा नाही. भाऊ भांडायला आला की दाराशी नुसता उभा राहायचा. बायकांची खात्री पटली की शेवटी हा माणूस खानावळवालीच्या उपयोगी पडणार. मी मधूनमधून विचारायची, "काय अक्का, गेला का पाहुणा?" त्या म्हणायच्या, "जाईल की. वाट बगतेय. शेवटाच्या आत काडते त्याला, मानानं काडते."

ते व्हायचं राहिलं.

उन्हाळा लागत होता. पाणी यायचा दिवस. अक्कांनी घागरी भरल्या, हंडा भरला, शेजारच्या म्हातारीची कळशी भरून दिली आणि ओट्यावर टेकल्या. त्या उठल्याच नाहीत. मला लक्ष्मीचा फोन आला तेव्हा मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. त्यानंतरचे दोन-तीन शिक्के उलटे पडले आहेत, ती पुस्तकं अजून कपाटात आहेत.

मी कुंभारीला गेले. छपराखाली सगळ्या बायका होत्या, सुपं भिंतीला लावलेली होती, कुणी कात्रीला हात लावलेला नव्हता. मला खूप रडू आलं. इतक्या माणसांना मी पुस्तकं दिली, पण पुस्तक म्हणजे काय हे मला त्या बाईनं दाखवलं होतं, आणि ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात तसं बोलायची रीत नव्हती. आम्ही आपल्या कार्डांवरून भांडायचो.

काही दिवसांनी निवृत्त काका टेबलापाशी आले. पुस्तक उघडून हुंगलं. म्हणाले, "हल्ली वास येत नाही पुस्तकांना." मी सांगितलं. त्यांनी लाल पेन खिशात ठेवलं आणि जिना उतरले.

मग एके दुपारी जिन्यावर बऱ्याच चपला वाजल्या. लक्ष्मी होती आणि मागे म्हातारीसकट छपराखालच्या बऱ्याचजणी. लक्ष्मीनं पिशवीतून तीन पुस्तकं काढून टेबलावर मांडली. मला वाटलं, परत करायला आणली. मी कार्डं शोधायला लागले.

"परत न्हाय बाई," लक्ष्मी म्हणाली. "मुदत वाढवून द्या."

"कोण वाचणार?"

"मी."

"तुला येतं?"

"न्हाय येत. येईल." तिनं खानावळीच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "हे निम्म्यातच ऱ्हायलंय."

मी म्हटलं, त्यात काय एवढं, शेवट मी आत्ता सांगते. मला माहीत आहे, दोन वाक्यांत होईल. तर सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "अय्यो, नको! नको बाई!" म्हातारीनं तर कानांवर हात ठेवले. लक्ष्मी म्हणाली, "आसं सांगायचं नसतंय. रोज थोडं थोडं सांगायचं असतंय." खालच्या गिरणीवाल्यानं वर येऊन काय झालं म्हणून विचारलं.

त्या जिना उतरायला लागल्या तेव्हा मी लक्ष्मीला मागे बोलावलं. हे सांगणं भाग होतं. "लक्ष्मी, तो मोजणीदार ह्या पुस्तकात नाही."

तिचा चेहरा उतरला. "मग कुटं हाय?"

"ह्या दुसऱ्यात. अक्का वाचत होत्या त्यात."

"तितं बी ताट धुतो?"

मी ते पुस्तक नुकतंच पुन्हा वाचून काढलं होतं. "नाही गं. तिथं तो कुठं जेवतसुद्धा नाही. नुसती जमीन मोजतो."

 लक्ष्मीनं तिन्ही पुस्तकं पिशवीत घातली. "बरं," म्हणाली, "बगते मी काय करायचं ते."

तिनं कसं वाचलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दर आठवड्याला ती यायची आणि अडलेले शब्द विचारायची. जोडाक्षरं आली की तिला घाम फुटायचा. सकाळी एक पान, तेही बोट ठेवून. दुपारी तेवढंच सांगायची, हातानं विड्या वळत. पान संपलं की गोष्ट संपली. बायका विचारायच्या, "तर्वात?" ही म्हणायची, "तर्वात उद्या. तेवडंच वाचलंय." म्हातारी कुरकुरायची की अक्का असत्या तर एव्हाना दुसरं पुस्तक निम्मं झालं असतं. लक्ष्मी ऐकून घ्यायची. मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पान. पावसाळा गेला, दसरा गेला, तरी खानावळीचा खटला चालूच होता. मोजणीदारही रोज जेवायला येत होता. पुस्तकात नसलेल्या माणसाला सांभाळायचं ओझं त्या पोरीवर पडलं होतं, पण तिनं त्याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही.

मग ती एकदा येऊन म्हणाली, "रविवारी शेवट हाय. तुमी या."

मी गेले. छप्पर तेच, बायका त्याच. अक्कांचं सूप भिंतीशी पालथं ठेवलेलं होतं. खिळ्याला पिशवी लटकत होती, तिच्यात पुढचं पुस्तक, अक्कांनी निवडलेलं, अजून न उघडलेलं. लक्ष्मी पाटावर बसली. तिनं हात वर केला. कात्र्या खाली गेल्या. सगळ्यांनी पदराला हात पुसले.

तिनं शेवट सांगितला. भाऊ हरतो, खानावळ बाईकडे राहते. ज्या दिवशी निकाल लागतो त्याच्या दुसऱ्या सकाळी ती एकटी उठते, दार उघडते आणि चूल पेटवते. पुस्तक तिथं संपतं. लक्ष्मीनं एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. मी मनात म्हटलं, शाबास.

 मग म्हातारी म्हणाली, "आन् तो?"

 सगळ्या लक्ष्मीकडे बघत होत्या. लक्ष्मीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी, नियमाची बाई, खाली बघितलं.

"तो गेला," लक्ष्मी म्हणाली. "सकाळच्या गाडीनं."

"न सांगता?"

"सांगायला ती उठली कुटं हुती? ती चूल पेटवायला आली तवा तो गेलेला हुता." लक्ष्मीनं पदराला पुन्हा हात पुसले. "रातच्या जेवणाचं ताट धुऊन ठेवलं हुतं. भिंतीशी, पालथं."

म्हातारीनं भिंतीशी असलेल्या सुपाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. कुणी डोळे पुसले, कुणी नुसतीच बघत राहिली. मला समोरचं काही दिसेनासं झालं.

लक्ष्मी उठली, खिळ्यावरची पिशवी काढली आणि आत हात घातला.

"चला," ती म्हणाली, "कात्र्या उचला."